आवडलं नाही तर जेवायला या

एखादं पुस्तक चांगलं आहे, असं भाऊ कधी म्हणत नसत. चांगलं असणं हा त्यांच्या लेखी पुस्तकाचा गुणच नव्हता. "चांगलं तं सारंच असते," ते म्हणायचे, "कोणासाठी, ते सांगा." आणि मग समोरच्या माणसाची अशी काही चौकशी सुरू करायचे की नवखा माणूस बिचकून उठून जायचा. जेवणात आंबट लागतं का, घरात थोरले की धाकटे, झोपताना पांघरूण डोक्यावरून घेता की गळ्यापर्यंत, आई आहे का, असली तर बोलकी आहे की मुकाट. सगळं ऐकून झालं की थोडा वेळ डोळे मिटून बसायचे. मग आत जाऊन एखादं पुस्तक नाही तर गाण्याची तबकडी घेऊन यायचे. कधी रिकाम्या हातानं परत यायचे आणि सांगायचे की तुमच्याजोगं सध्या घरात काही नाही, धान कापून झालं की या.

मी त्यांचा भाडेकरू होतो. कुरखेड्याच्या जवळचं, सती नदीच्या अलीकडचं ते गाव. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करायची पिढीजात मालकी, नुकतीच गेली होती आणि भाऊ त्या गावचे मालगुजार होते, म्हणजे आता नव्हते. गावचा तलाव त्यांच्या आज्यानं बांधलेला. तो सरकारजमा झाल्यावर त्याची पाळ किती लांब, सांडवा किती रुंद, खाली धान किती भिजतं, हे मोजायला सरकारनं जो ओव्हरसियर पाठवला तो मी. गावात भाड्यानं द्यायची खोली एकच होती आणि ती भाऊंच्या घराला लागून होती. ज्याचा तलाव मोजायचा त्याच्याच ओसरीवर मोजणीची साखळी आणि झेंड्या टेकवून मी उभा राहिलो, आता काय काय ऐकून घ्यावं लागतं याची वाट पाहत. भाऊंनी झेंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाणं आयकता का?"

ऐकतो, म्हणालो. काय ऐकता, असं त्यांनी विचारलं नाही. कवा ऐकता, असं विचारलं. मी म्हणालो, सवड मिळेल तेव्हा. त्यांचा चेहरा पडला. सवड मिळेल तेव्हा ऐकणाऱ्या माणसाला काय द्यावं, या विवंचनेत ते दोन-तीन दिवस होते, असं मला मागाहून कळलं.

अखेर त्यांनी मला पुस्तक दिलं. कोण्या खलाशानं लिहिलेली स्वतःची हकिकत, कोणीतरी मराठीत आणलेली. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे पुस्तक उघडलं की खलाशी थेट समुद्रात पडलेलाच सापडे. सुरुवात गेली म्हणून मी हळहळलो तर भाऊ म्हणाले की वाळवीला अक्कल असते, तेवढाच भाग कंटाळवाणा होता. मी ते पुस्तक एका दमात वाचलं. पाण्यावर नोकरी करणाऱ्या माणसाला पाण्यात पडलेल्या माणसाचं पुस्तक द्यावं, इतका सरळ त्यांचा हिशेब असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं की तुम्ही कोणाच्याही घरात पाऊल टाकताना आधी दाराशी थांबता, तो खलाशीही प्रत्येक बंदरात तसाच थांबतो, म्हणून दिलं. दाराशी थांबायची माझी ती सवय तोवर माझी मलाही ठाऊक नव्हती.

त्यांना सगळे भाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. मूलबाळ नव्हतं. घर कौलारू, समोर लांबलचक ओसरी, तिथं एक लाकडी बाक, आणि बाकासमोर चावीचा फोनो. बाक पाहुण्याचा. भाऊ स्वतः जमिनीवर बसायचे, फोनोकडे पाठ करून, पाहुण्याकडे तोंड करून. तबकडी वाजत असताना ते तिच्याकडे कधी पाहायचे नाहीत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायचे. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं व्हायचं. घास घेताना कोणी तोंडाकडे पाहत बसलं तर होतं, तसं.

सिनेमाच्या बाबतीत तर त्यांनी कहर केला होता. वर्षातून एकदा ते वडशाहून छोट्या गाडीनं निघून, मजल दरमजल करत नागपूरला जायचे आणि मुक्काम करून लागलेले सगळे सिनेमे पाहायचे. पाहायचे म्हणजे कसे, ते मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा समजलं. सगळ्यात पुढच्या बाकावर जागा घेतली, दिवे गेले, आणि भाऊ सरळ मागं तोंड करून बसले. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला, राखणदार कंदील घेऊन आला, तरी हे ढिम्म. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "पडदा तं सारेच पाह्यतात. कोण कुठी रडते, कोण कुठी उठून बिडी प्याले जाते, हे कोण पाह्यते?" गोष्ट त्यांना ऐकू येई तेवढीच कळे. पण कुठला सिनेमा कोणत्या माणसाला सांगायचा, हे त्यांना अचूक कळे.

आता जेवणाचं सांगतो, कारण भाऊंची खरी ख्याती त्यावरच होती.

त्या गावात सोयरीक जमवणाऱ्याची एक रीत होती. जो मधे पडून लग्न जमवतो तो त्या लग्नाला जामीन असतो. पुढं बिनसलं तर त्यानं दोन्हीकडच्या माणसांना घरी बोलवायचं, आपल्या हातानं पान मांडायचं आणि चूक कबूल करून जेवू घालायचं. भाऊंनी ही रीत उचलून पुस्तकांना आणि गाण्यांना लावली. त्यांचं म्हणणं, गाणं सांगणं आणि पोरगी सांगणं यात फरक काय? दोन्हीत माणसाचा वेळ जातो आणि मन लागतं. म्हणून त्यांनी सांगितलेलं तुम्हाला आवडलं नाही तर तुम्ही त्यांच्या घरी जेवायला जायचं. तो तुमचा हक्क आणि त्यांचा दंड.

दंड सहजासहजी पदरात पडत नसे. आधी उलटतपासणी व्हायची. कुठं बसून वाचलं, पोट भरलेलं होतं का, मधे कोणाशी भांडण झालं होतं का, दाढ दुखत होती का. त्यातून तरलात तर भाऊ दोन्ही हात जोडायचे आणि आत वळून म्हणायचे, "चुकलं माह्यं. पान वाढजो." मग आतून बाईंचा आवाज येई, काय नाही आवडलं म्हणून. हे विचारायलाच हवं होतं. गाणं आवडलं नसेल तर लाखोळीच्या डाळीचे वडे, पुस्तकाला तलावातले मासे आणि सिनेमाला कोंबडा, असा दर बाईंनी ठरवून टाकला होता. सिनेमासाठी माणूस फार लांब जाऊन येतो, हे त्यामागचं कारण.

साहजिकच त्या पंचक्रोशीत सिनेमे न आवडणाऱ्यांचं प्रमाण फार होतं. आमचे पोस्टमास्तर त्यात अग्रणी. जाडजूड, हसरा माणूस. कामानिमित्त नागपूरला जायचे, भाऊंना विचारून सिनेमा पाहायचे आणि परत आले की तोंड पाडून ओसरीवर बसायचे. पुढं पुढं तर ते सिनेमाला न जाताच परत येत असावेत, असा मला संशय होता. तपासणीत मात्र पक्के. भाऊंना हे कळत नव्हतं असं नाही. पण माणूस आवडलं नाही म्हणतो, तर त्याला खोटं पाडायचं कसं, असा त्यांचा पेच होता. बाईंना असला काही पेच नव्हता. त्या पोस्टमास्तरांच्या पानात मान, पंख आणि भरपूर रस्सा वाढायच्या.

मालगुजारी गेल्याचं भाऊ कधी बोलले नाहीत. तलावाच्या पाळीवर मी साखळी टाकत असे तेव्हा ते कधीकधी येऊन उभे राहायचे, एखादी जुनी खूण दाखवायचे आणि निघून जायचे. पण मला दिसत होतं. पूर्वी सारा द्यायला, पाणी मागायला, तंटा सोडवायला माणसं ओसरीवर यायची. ती आता तहसिलीत जाऊ लागली होती. ओसरीवर माणसं येत ती एवढ्याच कारणानं, की भाऊ, काय वाचू, काय ऐकू. तेवढ्यावर तो माणूस उभा होता.

आणि तेवढंही मंडईनं नेलं.

मंडई म्हणजे दिवाळी सरली की त्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे बैलगाड्या जुंपून येतात, आणि रात्री गावातली माणसं स्वतः नाटक करतात. नाटक चांगलं झालं तर गावाची मान वर्षभर ताठ. आमच्या गावचं नाटक ठरलेलं असे: एक राजा, एक दुष्ट सेनापती, भरपूर तलवारी. त्या वर्षी नाटकवाली मंडळी भाऊंकडे आली आणि म्हणाली, तेच ते करून कंटाळलो, तुम्ही एखादं नवं सांगा.

भाऊ इतके खूष झालेले मी कधी पाहिले नव्हते. सगळं गाव पुन्हा त्यांच्या ओसरीवर आलं होतं. त्यांनी पुस्तकांची ट्रंक उपसली आणि एक नाटक काढलं. दोन म्हातारे भाऊ. वाटणी झालेली, अंगणातला आंबा कोणाचा एवढंच ठरायचं राहिलेलं. दोघं दोन खाटांवर बसून बोलत राहतात. शेवटी धाकटा थोरल्याला पाण्याचा तांब्या आणून देतो आणि पडदा पडतो. राजा नाही, तलवार नाही, कोणी मरतसुद्धा नाही. भाऊंनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि तांब्याच्या जागी आल्यावर मनगटानं डोळे पुसले.

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एकानं भीत भीत म्हटलं की लोकांना हे चालेल का. भाऊ म्हणाले, "मी जामीन हाये."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं, असं काही मी म्हणणार नाही, कारण मलाही नाटक आवडलं होतं. पण एक गोष्ट खटकली. भाऊंनी कोणालाच काही विचारलं नाही. जो माणूस एखाद्या कारकुनाला एक गाणं सांगायच्या आधी त्याच्या पांघरुणापर्यंत चौकशी करायचा, त्यानं सगळ्या गावाला नाटक सांगताना एक प्रश्न केला नाही. ते नाटक एकाच माणसाजोगं होतं, आणि तो माणूस ते वाचून दाखवत होता.

प्रयोगाचं काय सांगू. गॅसबत्त्यांच्या उजेडात मैदान भरून माणसं बसलेली. पडदा वर गेला, दोन म्हातारे खाटांवर. लोकांना वाटलं, ही नांदी असेल. बऱ्याच वेळानं एकानं विचारलं, राजा कवा येते. मग दुसऱ्यानं विचारलं. मग सगळेच विचारू लागले. धाकट्या भावाचं काम करणारा गडी दर वर्षी राजा व्हायचा. इतके लोक आपल्याला हाक मारताहेत म्हटल्यावर त्याला राहवेना. तो खाटेवरून उठला, आत गेला, गेल्या वर्षीची तलवार घेऊन आला आणि गेल्या वर्षीचंच भाषण ठोकू लागला. थोरला भाऊ खाटेवर तसाच बसून, हा आता आपल्याला मारतो की काय अशा नजरेनं पाहत होता. लोक हसून हसून लोळले. पडदा पाडावा लागला. शेजारच्या गावांनी त्याचं "बसकं नाटक" असं नाव ठेवलं, आणि आमच्या गावचा माणूस बाजारात दिसला की, बसा ना भाऊ, खाट आणू का, असं विचारू लागले.

भाऊंनी दंड भरला. सगळ्या गावाला जेवण दिलं. कोठीतलं धान काढलं, बाई आणि गावातल्या बाया पहाटेपासून चुलीपाशी होत्या. लोक आले, मुकाट्यानं जेवले, हात धुऊन गेले. एकानंही टोमणा मारला नाही. एखाद्यानं मारला असता तर बरं झालं असतं. मयताच्या घरी जेवतात तसे जेवले सगळे.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी फोनोवर कापड घातलं. कोणी विचारायला आलं की सांगायचे, "मले नाई समजत त्यातलं." पुस्तक मागितलं तर ट्रंकेकडे बोट दाखवायचे, घ्या म्हणायचे, प्रश्न नाही की काही नाही. पोस्टमास्तर नागपूरहून आले आणि नेहमीसारखं तोंड पाडून म्हणाले की सिनेमा काही आवडला नाही. भाऊ म्हणाले, मी कुठं सांगितला होता. पोस्टमास्तरांचा चेहरा खरोखर पडला. परत जाताना माझ्या खोलीशी थांबून ते हळूच म्हणाले की मागचे सगळे सिनेमे मी पाहिले होते हो, आणि सगळे आवडले होते. त्यांना कोंबड्याचं दुःख नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माणसं येईनाशी झाली. भाऊ ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. जेवण कमी झालं. मला धास्ती वाटू लागली. असा गप्प झालेला माणूस फार दिवस काढत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं होतं.

पौषातली दुपार असेल. मळणी उरकली होती. पोस्टमास्तर टपाल द्यायच्या निमित्तानं येऊन बसले होते, मी नकाशे पसरून बसलो होतो, नाटकातला तो राजाही खाली मान घालून पायरीवर टेकला होता. तो रोज येऊन तसा बसायचा. बाई आतून आल्या. पदराला हात पुसले, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सरळ पाहुण्याच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या बाकावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मले सांगा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाणं. कोणतं आयकू?"

भाऊ भिंतीकडे पाहतच म्हणाले की मी आता कोणाला काही सांगत नाही.

"साऱ्या गावाले सांगतलं," बाई म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्याले सांगतलं. या ओव्हरसियरले सांगतलं. मलेच नाई सांगतलं."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणं लागलं. इतक्या दिवसांत हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या घरात वाजलेली प्रत्येक तबकडी बाईंनी चुलीपाशी बसून ऐकली होती, दुसऱ्यासाठी लावलेली.

भाऊ वळले. मग त्यांनी विचारलं, "तुले सकाळ बरी वाटते का सांज?"

बाईंनी सांगितलं, सकाळ, कोणी उठायच्या आधीची. माहेरची आठवण कशानं येते? ओल्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, वासानं. गर्दीत बरं वाटतं की एकटीला? यावर त्या म्हणाल्या, गर्दीत, पण कोणी बोलू नये. प्रत्येक उत्तराला भाऊंचा चेहरा उतरत होता. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाऊन त्यांना यातलं एकही ठाऊक नव्हतं. ते आत गेले. ट्रंकेच्या तळाशी खुडबुड झाली. एक तबकडी घेऊन आले, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फोनोवरचं कापड काढलं.

ती आम्ही कोणीच ऐकलेली नव्हती. एका बाईचा आवाज, मागं वाद्य जवळजवळ नाहीच. भाऊ त्यांच्या जागी जमिनीवर बसले, बाईंकडे तोंड करून. बाईंनी मान खाली घातली होती. पायाचा अंगठा जमिनीवर हळूहळू ठेका धरत होता. मधेच त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून ठेवलं. गाणं संपलं, सुई खरखरत राहिली, ती उचलायचं कोणाला सुचलं नाही.

"कसं वाटलं?" भाऊंनी विचारलं.

बाईंनी पदर खाली घेतला. डोळे लाल झाले होते. "नाई आवडलं," त्या म्हणाल्या.

उलटतपासणी घेतली असती तर बाई पहिल्या प्रश्नालाच सापडल्या असत्या. भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, सवयीनं आत वळले पान वाढायला सांगायला, आणि आत कोणीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाई बाकावर बसून होत्या. उठायचं लक्षण दिसत नव्हतं.

भाऊ उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली. चुलीचा धूर ओसरीवर आला. मीठ कुठं आहे, म्हणून आतून विचारणा झाली. चुलीच्या उजव्या हाताला, बाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं. नाटकातला राजा मदतीला उठू लागला तर बाईंनी त्याला हातानं खाली बसवलं. पुष्कळ वेळानं भाऊ ताट घेऊन आले. खाली लागलेला भात आणि पाण्यासारखं वरण. बाईंसमोर पाट मांडला, त्यावर ताट ठेवलं आणि तांब्या घेऊन बाजूला उभे राहिले.

बाई बाकावरून उतरल्या आणि जेवू लागल्या. लागलेल्या भाताचा वास आम्हाला येत होता. त्या शांतपणे एकेक घास खात होत्या. भाऊंना राहवलं नाही.

"कसं झालं?"

"हे आवडलं," बाई म्हणाल्या.

दोन्ही धडधडीत खोटं होतं. पोस्टमास्तर हसू दाबायला टपालाची पिशवी चाचपू लागले. भाऊंनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मंडईनंतर पहिल्यांदा हसले, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. मग तांब्या खाली ठेवला, पोस्टमास्तरांच्या समोर मांडी घालून बसले आणि नागपूरला पुन्हा कधी जाणार, ते विचारलं. पुढल्या आठवड्यात, असं पोस्टमास्तरांनी सांगितलं.

"मंग सांगा," भाऊ म्हणाले, "गाडीत खिडकीपाशी बसता का मधात?"

पोस्टमास्तर गंभीरपणे उत्तर देऊ लागले. मागं बाई जेवत होत्या, ताटात काही न टाकता. मला नकाशे गुंडाळून तलावावर जायचं होतं, पण तिथून उठावंसंच वाटेना.